मागच्या दाराने

आठवीत शनिवारची सकाळची शाळा सुटली की गणिताचे सर मला थांबवून घ्यायचे. सायकलच्या कॅरिअरला गोणी बांधायची. तांदूळ, डाळ, गोडेतेल, चहापत्ती, कपड्यांचा साबण. सर आमच्या वसईतल्या धर्मग्रामात (म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये) गरिबांच्या घरी मदत घेऊन जाणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद. भेटीला दोघांनी जायचं हा त्यांचा नेम. जोडीदार आजारी पडला म्हणून माझी वर्णी लागली. पुण्यबिण्य डोक्यात नव्हतं, सरांची ॲटलस चालवायला मिळायची याचंच अप्रूप.

सर गोणी लगेच पुढे करत नसत. ओट्यावर बसायचे, पाणी मागून प्यायचे, विहिरीला पाणी किती, केळीला भाव काय, हे सगळं झाल्यावर औषधाची चिठ्ठी वाचून द्यायचे, रेशनकार्डाचा अर्ज भरून द्यायचे. गोणी कधी आत गेली ते कळायचंही नाही.

एका शनिवारी घर निघालं माझ्याच वर्गातल्या मुलाचं. वडील अंथरुणाला खिळलेले. मला बघून तो आत गेला, तो आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही. आणि सोमवारी मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, मी गाढवासारखा बोलून गेलो. मंगळवारपासून त्याने बाक बदलला.

सरांच्या कानावर गेलंच. वाटलं, आता बायबलातलं वचन ऐकावं लागणार. सर अक्षरानेही बोलले नाहीत. शनिवारी नेहमीसारखी गोणी बांधली, फक्त वाट बदलली. वाडीच्या मागून, केळीतून, मागच्या दाराने. गोणी मी एकट्याने उतरवायची, सर पुढे ओट्यावर गप्पा मारणार.

कॉलेजात असताना मीही सोसायटीत गेलो. तेव्हा कळलं, हे काम 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झालं. तुमचं चर्च आज गरिबांसाठी करतं काय, असं कुणी डिवचलं म्हणून फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जाऊ लागला. सभेत गुप्त वर्गणीची पिशवी फिरते. प्रत्येकाने मिटलेली मूठ आत घालायची, रिकामी असली तरी. कुणी किती टाकले, कुणाला कळत नाही.

पहिल्याच सभेला शेजारी तो होता, बाक बदललेला. वायरमनची कामं करत होता. पिशवी आली. त्याने मूठ घातली, काढली, माझ्याकडे न बघता पिशवी सरकवली. माझ्या खिशात त्या दिवशी दमडी नव्हती. मीही मूठ मिटून आत घातली.