मांडवीवर पुन्हा वेंगर

आज संध्याकाळी रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर आम्ही आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते पुन्हा त्याचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांच्यावरून भांडलो. धाकटा चुलतभाऊ म्हणतो, ते २०१८मध्ये गेले, पण त्याच्या खूप आधीच त्यांनी जायला हवं होतं. मला हे ऐकवत नाही. २००३-०४ची प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग: ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, हार एकही नाही! भाऊ तेव्हा जन्मलाही नव्हता. पुढे नव्या स्टेडियमचं कर्ज फेडताना चांगले खेळाडू विकावे लागले, तरी २०१६पर्यंत दरवर्षी आपण पहिल्या चारांत. सात एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) वेगळेच.

मग त्याने २०११चा मँचेस्टर युनायटेडकडून झालेला ८-२चा पराभव काढला. मी गप्प झालो. त्या रात्री घास उतरला नव्हता.

तरीही, माझ्यासाठी आर्सेनल म्हणजे वेंगरच. अंधार पडला, भरती चढली, भाऊ अजून मुद्दे मोजतच होता.