आवाजाला काही उपयोग नाही

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात काही नसतं. खरं म्हणजे तिला पोटच नसतं. तंबोऱ्याला भोपळा असतो, साध्या गिटारला निदान लाकडी पेटी असते. तार छेडली की आतली हवा हलते आणि आवाज बाहेर येतो. इथे मात्र साडेचार सेंटिमीटर जाडीची भरीव फळी. तारांखाली लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते, वायरीतून अँपमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीत जाते, आणि बोलतो तो अँप. या गुंडाळीला पिकअप म्हणतात. तिला कळते ती फक्त तार. फळीला वरून रंग दिलाय की ती तशीच उघडी आहे, याचं तिला सोयरसुतक नाही.

आणि तरीही घरी गिटार बनवायला घेतली की सगळ्यात जास्त वेळ खातो तो रंगच.

लाकूडकाम त्या मानाने लवकर उरकतं. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्यांचा सागवान मिळतो. मी घेतलेला तुकडा दाराच्या चौकटीचा होता. जुनं लाकूड पुरतं सुकलेलं असतं, त्यामुळे ते सहसा पिळवटत नाही. फक्त आत बुडालेले खिळे आधी शोधून काढायचे, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. चौकटीची रुंदी पुरत नाही म्हणून तिचे तुकडे कडेला कड लावून चिकटवायचे, रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवायचे आणि मग कागदी नमुना ठेवून कापायचे. सागवान गिटारसाठी जरा जडच. शिवाय तेलकट. त्या तेलावर लॅकर, म्हणजे वाळून चकचकीत होणारा वरचा लेप, नीट धरत नाही, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावं लागतं. हे मला आमच्या मिस्त्रींनी सांगितलं. त्यांना वाद्यात रस नव्हता, पण लाकूड त्यांना वास घेऊन कळायचं.

हिशेबाचं काम एकच, पण ते चोख हवं. फ्रेटबोर्डावरचे, म्हणजे दांड्यावरच्या पट्टीवरचे, पडदे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारचे पडदे खाचेत ठोकले की ठोकले. तार जिथे टेकते त्या वरच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागायचं. ३६.४ येतात. तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर मधोमध, ३२४ वर येतो, आणि तिथे वरचा सा बोलतो. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली ल्यूट या जुन्या युरोपी तंतुवाद्यासाठी १८ ला १७ हे प्रमाण सुचवलं होतं. म्हणजे आपण दशांश चिन्हानंतर जे आकडे मिरवतो, त्यांच्या अगदी जवळ ते तेव्हाच पोचले होते.

तर रंग. मिस्त्री म्हणाले, “साहेब, ड्युको मारून टाका. मोकळे व्हाल.” त्यांना कल्पना नव्हती, पण ते परंपरेला धरूनच बोलत होते. ड्युको हा द्यूपाँ कंपनीचा १९२० च्या दशकातला मोटारींसाठीचा लॅकर. पुढे कॅलिफोर्नियात लिओ फेंडरच्या कारखान्यात गिटारींना द्यूपाँचेच मोटारींचे रंग मारत. त्यांचा लेक प्लॅसिड ब्ल्यू नावाचा प्रसिद्ध निळा मुळात कॅडिलॅकचा. पण मला वाड्याच्या सागवानाचे रेषे झाकायचे नव्हते, म्हणून पारदर्शक लॅकर घेतला. तोही दसऱ्यानंतर मारायचा ठरला. पावसाळी हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि लॅकर पांढुरका पडतो.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न घरच्यांना पडतो. लेस पॉल या अमेरिकी वादकाकडे त्याचं उत्तर होतं. १९४० च्या सुमारास त्याने चार बाय चार इंचांचा पाइनचा ओंडका घेतला, त्यावर तारा आणि पिकअप चढवले आणि तो वाजवायला नेला. तो नंतर सांगायचा की लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. मग त्याने एका गिटारचे दोन अर्धे कापून ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे जोडले. वाद्य तेच, आवाज तोच, पण आता लोक खूश. नुसत्या दिखाव्याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे, त्याची गोष्ट मात्र मला जास्त आवडते. १९६३ मध्ये लंडनच्या कडेला राहणाऱ्या या शाळकरी पोराने वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली, कारण चांगली गिटार विकत घेणं परवडत नव्हतं. दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी वापरलं. त्यातली किडीची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. ट्रेमोलोला, म्हणजे तारांचा ताण हलवून सूर डोलवणाऱ्या यंत्रणेला, १९२८ च्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, त्याच्या दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई, आणि पडद्यांच्या खुणा म्हणून आईच्याच शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. दोनेक वर्षं लागली. पुढे क्वीनमध्ये, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी, तो हीच गिटार घेऊन उभा राहिला. अशा जुगाडू वाद्याला कुणी कसंही रंगवलं असतं. यांनी मात्र थरावर थर देऊन ते चकचकीत केलं.

लॅकरचे थर देणं सोपं. पातळ मारा, वाळू द्या, हलकं घासा, पुन्हा मारा. शेवटचा थर मारून काही आठवडे नुसतं टांगून ठेवायचं, कारण वरून कडक वाटलं तरी आत थिनर असतो आणि तो उडताना लॅकर बसतो, रेषांच्या खाचा पुन्हा दिसू लागतात. मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर; आकडा जितका मोठा तितका तो बारीक. आणि इथे उलटाच प्रकार. आतापर्यंत कमावलेली चकाकी आपल्या हाताने मारायची. आठशेचा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून सपाट ठोकळ्याला गुंडाळायचा आणि घासायला लागायचं. ताकासारखं पांढरं पाणी सुटतं. ते पुसून उजेडात तिरपं धरलं की काही ठिकाणी अजून चमकणारे ठिपके दिसतात. ते खड्डे, तिथे पेपर पोचलेला नाही. सगळी फळी एकसारखी मळकट होईपर्यंत थांबायचं नाही, आणि कडांवर जोर द्यायचा नाही, कारण तिथे थर पातळ असतो. मग हजार, दीड हजार, दोन हजार आणि शेवटी रबिंग कंपाउंड. पहिल्यांदा ट्यूबलाइट त्या फळीत सरळ, न थरथरता दिसते, तेव्हा तोपर्यंतचं सगळं घासणं वसूल होतं.

आता गंमत अशी की मोठ्या कंपन्या नव्याकोऱ्या गिटारींचा रंग मुद्दाम खरवडून, त्या जुन्या भासवून जास्त पैशाला विकतात. फेंडरने १९९५ पासून रेलिक नावाने हे सुरू केलं. आयरिश वादक रोरी गॅलाघरच्या १९६१ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा रंग वाजवून वाजवून जवळजवळ निघून गेला होता. तो झिजलेपणा त्याने कमावला होता. उरलेल्यांनी विकत घ्यावा, हे मला पटत नाही.

दांड्याच्या पाठीला मी लॅकर लावला नाही, नुसतं तेल चोळलं. घामात लॅकर अंगठ्याला चिकटतो. मिस्त्रींनी नेमकी तीच जागा चाचपली आणि मान हलवली. आईने पुढची बाजू पाहिली, त्यात स्वतःचा चष्मा नीट केला आणि विचारलं, “लॅकर उरलाय का रे? देवघराचं पॉलिश पार उडालंय.”

उरला होता. देवघर सागवानीच, तेव्हा आधी थिनरने पुसून घेतोय.