बी-४ ची गोष्ट

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे, फाईलचं नाव 'बास_झालं_फायनल_७'. पहिली 'बास_झालं' नऊ वर्षांपूर्वी केलेली, तेव्हा ठरवलं होतं की पन्नाशीला राजीनामा टाकायचा आणि मोकळं व्हायचं. आता पंचावन्नावं चालू आहे आणि मी अजून रोज त्याच लिफ्टमधे त्याच लोकांशी त्याच गप्पा मारतोय, आणि दोष कुणाचा म्हणाल तर बी-४ ह्या सेलचा.

बी-४ मधे, मी कोणत्या वयापर्यंत जगणार तो आकडा आहे.

बाकी शीट तशी साधीच. १९९४ साली विल्यम बेंगेन नावाच्या एका अमेरिकन आर्थिक सल्लागाराने तिथल्या शेअर आणि रोख्यांचा जुना इतिहास चाळून मांडलं होतं की पहिल्या वर्षी साठलेल्या पैशातले साधारण ४ टक्के काढा, पुढे दरवर्षी महागाईइतकी ती रक्कम वाढवत न्या, पैसे ३० वर्षं तरी पुरतात. हेच उलटं केलं की वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पैसे साठलेले हवेत. आमच्या वयाचे लोक हा २५ चा आकडा जपमाळ ओढल्यासारखा ओढतात पण त्यातली ३० वर्षं आणि अमेरिका ह्या दोन अटी सोयीस्कर गाळतात. पन्नाशीत घरी बसलेल्याला चाळीस वर्षंही काढावी लागू शकतात की! त्यात महागाई. ७२ ला महागाईच्या टक्क्याने भागायचं, खर्च किती वर्षांत दुप्पट होणार ते कळतं, म्हणजे ६ टक्के धरले तर १२ वर्षं. ५८ ला सुटलात तर ७० ला दुप्पट आणि ८२ ला चौपट, आणि औषधपाण्याचा खर्च नेमका त्याच सुमारास वाढलेला असतो.

सगळ्यात वाईट भानगड मला फार उशिरा कळली. दोन माणसांना वीस वर्षांत सरासरी परतावा अगदी सारखा मिळाला तरी ज्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजार आपटला त्याचे पैसे आधी संपू शकतात, कारण पडलेल्या भावात विकून घर चालवलं की नंतर बाजार कितीही वर जावो, वर जायला आपलं शिल्लक काय राहतं? म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च बाजारापासून लांब, बाजूला काढून ठेवायचा. तो मी ठेवला. आरोग्य विमा घेतला, कर्ज फेडलं. नॉमिनीची नावं तपासली तर एका ठिकाणी अजून लग्नाआधीचंच नाव होतं, आईचं. ती जाऊन सहा वर्षं झाली. तो फॉर्म भरताना अर्धा तास नुसताच बसून होतो, पण ते असो.

तर बी-४. सुरुवातीला तिथे ८० होते. ज्या दिवशी खालचा 'पुरतील का' वाला सेल लालचा हिरवा झाला त्या दिवशी मी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या, पण मी काय केलं तर ८० चे ८५ केले. सेल परत लाल. तीन वर्षांनी परत हिरवा झाला तेव्हा आठवलं की आजी ९३ पर्यंत होती, मग सरळ ९५ टाकले. म्हणजे बघा, ऑफिसात चार-पाच वर्षं जास्त काढता यावीत म्हणून मी म्हातारपण पंधरा वर्षांनी वाढवून घेतलं. चान्सलर बिस्मार्कने १८८९ मधे जर्मनीत म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला तेव्हा वय ७० ठेवलेलं, आणि तेवढं जगणारे कामगार तेव्हा थोडेच. सरकारला ते परवडत होतं. मला कुणी वरून वय ठरवून देत नाही हाच माझा प्रॉब्लेम.

बायको म्हणाली, एकदा रंगीत तालीम करून बघ. तीन आठवड्यांची रजा घ्यायची, कुठे जायचं नाही, घरीच राहायचं, निवृत्त झाल्यासारखं. पहिले तीन दिवस झोपलो. चौथ्या दिवशी साडेदहाला गुपचूप ऑफिसचे मेल बघितले. पाचव्या दिवशी वायरींचा खण काढला, अकरा चार्जर निघाले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावली, त्यातल्या चारांवर 'कशाचा माहीत नाही' असं लिहिलं आणि खण परत बंद केला. सहाव्या दिवसापासून मी बायकोच्या मागे मागे. तिची कामं आहेत, मैत्रिणी आहेत, दुपारचा तिचा असा एक तास आहे जो इतकी वर्षं मला माहीतच नव्हता. आठव्या दिवशी ती म्हणाली, "अरे रोज सकाळी मला विचारतोस आज काय करायचं, मी काय तुझी मॅनेजर आहे का?"

दहाव्या दिवशी ऑफिसातून एका ज्युनियरचा फोन आला, कुठल्याशा जुन्या फाईलचा पासवर्ड हवा होता. पासवर्ड सांगायला दहा सेकंद लागली, फोन चाळीस मिनिटं चालला. ठेवला तर बायको दारात उभी. काही बोलली नाही, फक्त बघितलं. मला एकदम चोरी पकडल्यासारखं झालं.

त्या रात्री तिने शीट उघडायला लावली. पैशाच्या कॉलममधे तिला इंटरेस्ट नव्हता, ते तू बघितलंयस म्हणाली. शेजारी एक नवीन शीट काढली, सोमवार ते रविवार, आणि म्हणाली भर. अर्ध्या तासात तीन चौकोन भरले. पोहणं दोन दिवस, कारण ते अठरा वर्षांपूर्वी सोडलेलं. एका दुपारी शेजारच्या मुलीचं गणित, ते तिने आपणहून विचारलेलं. आणि रविवार, जो आधीपासूनच भरलेला असतो. मंगळवार कोरा. राहू दे म्हणाली, वर्ष आहे अजून.

मग जाता जाता तिने बी-४ मधे ८८ टाकले, कुठून आणले विचारू नका, आणि सेलला लॉक लावलं. खाली हिरवं. पासवर्ड सांगत नाहीये. माझा वाढदिवस चालत नाही, तिचा चालत नाही, लग्नाची तारीखही टाकून झाली. काल माझी जॉइनिंग डेट टाकून बघितली, तीही नाही.