मागाच्या खोलीत खाली बसून

आज इंटेरियरच्या सेकंड इयरच्या पोरांना घेऊन बेळगावातल्या वडगावात मेजर्ड ड्रॉईंगला, म्हणजे घराची मापं घेऊन ते कागदावर उतरवायला, गेले होते. पाऊस नुसता धो धो. एका विद्यार्थिनीच्या आजीचं घर, जुनं, कौलारू, पुढं सोपा मग माजघर आणि बाजूला हातमागाची खोली. माग बंद होऊन वर्षं झाली पण जमिनीतला खड्डा तसाच आहे. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरात असे खड्डा माग असायचे, काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि पायानं खालच्या पट्ट्या दाबायच्या. आता तिच्या मामांना तिथं बेडरूम करायचीय, म्हणून पोरांना तेच प्रोजेक्ट दिलं.

पोरांनी टेप काढली, मापं घेतली, आणि वर्गात शिकवल्याप्रमाणे पाच फुटावर आय लेव्हल, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची, धरून व्ह्यू काढायला सुरुवात केली. खोली अंधारी दिसायला लागली. खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, दीड फुटावर, कोनाडे गुडघ्याच्या जरा वर, उभं राहून बघितलं की सगळं खाली खाली. एकजण म्हणाला, मॅडम विंडो चुकीच्या हाईटला बसवलीय वो, आपण वर घेऊया की. मी म्हटलं आधी खाली बस, मग सांग.

मीपण बसले, फरशीवरच. तर आजी लगेच, "खाली कशाला बसलासा वो बाई, थांबा खुर्ची आणाय लावते." नको म्हटलं. खाली बसलं की डोळा अडीच फुटावर येतो आणि तीच खोली सरळ होते, खिडकीतून गल्लीत कोण चाललंय ते दिसतं, कोनाड्यापर्यंत हात सहज पोचतो, आणि वरच्या काचेच्या कौलातनं येणारा उजेड बरोबर खड्ड्याच्या काठावर, म्हणजे जिथं विणणाऱ्याचे हात असणार तिथं पडतो. ज्यानं हे घर बांधलं त्याला बसलेल्या माणसाचा अंदाज पक्का होता. आम्ही किचन प्लॅटफॉर्म चौतीस इंच, दरवाजा सात फूट असं पाठ करून घेतो, ते लागतंच, पण ती सगळी उभ्या माणसाची मापं आहेत आणि आमच्याकडच्या निम्म्या आज्या अजून भाजी खाली बसूनच चिरतात.

मग सॉफ्टवेअर वगैरे बाजूला ठेवून सगळ्यांना वॉटरकलर काढायला लावलं. रेंडरिंग, म्हणजे खोली कशी दिसेल त्याचं चित्र, कॉम्प्युटरवर शिकायलाच पाहिजे, नोकरी त्यावरच मिळते, पण त्यात उजेड आपण एक लाईट टाकून आणतो. वॉटरकलरमध्ये उजेड म्हणजे कोरा कागद, तो आधीच राखून ठेवावा लागतो, म्हणजे ब्रश उचलायच्या आधी उजेड कुठून येतोय ते नीट बघणं आलंच. धुरकट भिंतीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळायला सांगितलं, रफ कागदावर अल्ट्रामरीनचे कण खाचांत बसतात आणि जुन्या चुन्याच्या भिंतीसारखा पोत आपोआप येतो, काही वेगळं करावं लागत नाही. फक्त या हवेत वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, सुकतच नाही. मागून कानडीत आवाज, "नीर जास्ती आयतु मॅडम!", म्हणजे पाणी जास्त झालं, आणि लगेच दुसरा मराठीत, "सुकेना की वो!" मला मात्र आवडतो हा पावसाळी कागद, एप्रिलमध्ये कडा लगेच कडक होतात, आज भिंत आणि सावली एकमेकांत हळू मिसळायला भरपूर वेळ मिळाला.

परत येताना पोरांना चित्रकार रवी परांजपेंबद्दल सांगत होते. १९३५ ला इथंच बेळगावात जन्म, के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकले आणि पुढं आर्किटेक्टसाठी इमारतींची रेंडरिंग्ज हातानं रंगवण्यात नाव काढलं. म्हणजे आम्ही जे दोन विषय वेगळ्या पिरियडला शिकवतो ते या गावच्या माणसानं एकाच कागदावर आणलेले. पोरांना हे माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं, इंटेरियर म्हटलं की त्यांना मुंबई-बेंगळुरूच दिसतं.

संध्याकाळी खड्ड्यावरून वाद झाला. दोघातिघांना त्यावर टफन्ड ग्लास टाकून खालून लाईट सोडायची होती. मला ते अजिबात पटलं नाही. बेडरूममध्ये रात्री उठणाऱ्या माणसाला पायाखाली काच कशाला, आणि आजी आयुष्यभर जिथं बसली ती जागा पाहुण्यांना दाखवायची वस्तू का करायची. एका मुलीनं सुचवलं की खड्ड्यावर काढता येतील अशा सागवानी फळ्या टाकू, खाली अंथरुणं ठेवायला जागा होईल आणि वर खिडकीशी बसायला बैठक. हे बरोबर आहे. पलंगसुद्धा कमी उंचीचा घ्यायचा म्हणजे सिल तशीच राहील.

वरचा उजेड झाकणारं फॉल्स सीलिंग नको म्हणून मामांना समजवावं लागणार, ते तयार नाहीत अजून. त्यांना पोरांची चित्रंच दाखवणार आहे, प्लॅन नाही. आणि काचेच्या कौलाला चीर गेलीय, मंगळुरी कौलाच्या मापाचं दुसरं कुठं मिळतंय ते उद्या हार्डवेअरवाल्याला विचारते.