पेनातली मेंढरं

माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीशाळेत शिक्षक दोनच. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, पण वस्तीवर ते कानावर पडतं ते मोबाइलमधूनच.

त्या दिवशी फळ्यावर ई-एनचं कुटुंब मांडलं होतं. शेवट तोच ठेवायचा, पुढचं अक्षर तेवढं बदलायचं: हेन, पेन, टेन, मेन, डेन. पोरांना एकदा शेवट ओळखता आला की पाच शब्द फुकटात वाचता येतात. अर्थही लिहिले: कोंबडी, लेखणी, दहा, पुरुष, गुहा.

पहिली गाडी अडली ती मेनपाशी. "मेन म्हंजी मेन रोड का, सर?" आपण दोन्ही शब्द एकाच तोंडाने म्हणतो, पोराची काय चूक? मग एक असला की मॅन, अनेक असले की मेन, असं बोटं नाचवत समजावलं. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली. "सर, चिकनच्या शेवटी बी ई-एन हाय." हमरस्त्यावरच्या ढाब्याची पाटी तिला पाठ. आता हेनमधला 'एन' ठणठणीत ऐकू येतो आणि चिकनमधला निम्मा गिळलेला; शब्दाच्या ज्या भागावर जोर नाही तिथला स्वर इंग्रजीत असाच विरतो. हे चौथीच्या पोरांना कसं सांगणार? "चिकन पाहुणा आहे, घरचा नाही," म्हणून मी वेळ मारून नेली. पोरगी गप्प बसली, पण तिला काही पटलं नव्हतं.

मग सरावाचे कागद वाटले. झेरॉक्सची झेरॉक्स, चित्रं निम्मी काळी. तिसरं वाक्य मोठ्याने वाचलं: टेन शीप आर इन द पेन. (मॅन-मेन समजावून श्वास घेतोय तोवर हा शीप. एक असला तरी शीप, दहा असले तरी शीप.) पोरांनी अर्थ लावला आणि वर्ग खदखदा हसायला लागला. दहा मेंढरं पेनात! एकाने रिफिल काढून नळीत डोळा घालून बघितलं.

खरं सांगतो, मलाही ती छपाईची चूक वाटली. डेन असणार, म्हणून मी खडूने पेन खोडायला लागलो.

"सर, गुहंत कोन कोंडंल मेंढरं?"

मागच्या भिंतीकडून आवाज आला. धनगराचं पोरगं. दिवाळी झाली की आईबापामागे कळपाबरोबर खाली जातं, पावसाळ्याच्या तोंडावर परत येतं. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच जास्त. वर्गात तोंड उघडताना मी त्याला क्वचितच पाहिलेलं.

"मग काय आहे ते?"

"वाघर हाय की."

कागद उजेडाला धरला. मी ज्याला झेरॉक्सचा डाग समजत होतो ते मेंढरांभोवतीचं कुंपण होतं. कपाटातला शब्दकोश काढला, तर पेन हा शब्द दोनदा, वेगवेगळा दिलेला. दुसऱ्याचा अर्थ मेंढरं कोंडायचा वाडा. रात्री घरी आणखी शोधलं. लिहायचं पेन लॅटिनमधल्या पिसाच्या शब्दावरून आलं, कारण तिकडे पिसाच्या बोरूने लिहायचे. कोंडवाड्याचं पेन जुन्या इंग्रजीतलं, दोघांचं नातं काहीच नाही. आणि गंमत म्हणजे हंसाच्या मादीलाही पेनच म्हणतात!

पण हे रात्रीचं. वर्गात मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि स्वतः खाली बसलो. त्याने वाघर काढली. दोरीचं जाळं, ते ताणायला खुंट. सांज झाली की ज्या रानात मुक्काम तिथं लावायची, सकाळी गुंडाळून बिऱ्हाडाबरोबर घोड्यावर टाकायची. रानात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत होतं, त्याबद्दल शेतकरी धान्य देतो, नाहीतर पैसे. मी पाच वर्षं याच तालुक्यात आहे, हे सगळं रस्त्यावरून बघत आलोय, पण कधी विचारलं नव्हतं. मग त्याने फळ्यावरच्या डेनवर बोट ठेवलं. "ह्यात लांडगा ऱ्हातो. आन् ह्यात मेंढरं." पेन आणि डेनमधला फरक त्यानंतर कुणालाच पुन्हा सांगावा लागला नाही.

सुट्टी झाल्यावर तो कागद घेऊन टेबलाशी आला.

"सर, हे धा न्हाईत."

"मोजलेत मी. दहाच आहेत."

त्याने मळक्या नखाने एका मेंढीच्या पोटाखालचा काळा ठिपका दाखवला. नीट पाहिल्यावर चार पाय दिसले. कोकरू लुचत होतं.

मी लाल पेनने टेन खोडून वर इलेव्हन लिहिलं. त्याने शेवटची दोन अक्षरं निरखली आणि विचारलं, "ह्यो पाहुना का घरचा?"