काळजाला घरं

मी विणलेलं पहिलं हृदय उलट्या काळजाचं निघालं.

हे अलंकार म्हणून सांगत नाही. क्रोशाने गोलात विणत गेलं की छोटी वाटी तयार होते आणि त्या वाटीला सुलट आणि उलट अशा दोन बाजू असतात. सुलट बाजूवर टाके वेणीच्या पेडांसारखे ओळीने बसलेले दिसतात, उलट बाजूवर प्रत्येक टाक्याला एक आडवी रेघ पडते. वाटीच्या आपल्या जवळच्या काठावर सुई चालवली की सुलट बाजू बाहेर राहते, पलीकडच्या काठावर चालवली की उलट. नवा हात हमखास पलीकडे जातो, कारण वाटीत डोकावून विणणं सोपं वाटतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी हृदय पुरं केलं, गच्च भरलं, शिवलं, टेबलावर ठेवलं आणि लांबून बघून स्वतःवरच खूश झाले.

बारा वर्षांच्या भाचीने ते उचललं, दोनदा फिरवून पाहिलं.

"मावशी, याचं आतलं बाहेर आलंय."

"तसंच असतं ते."

"नसतं," ती म्हणाली आणि दप्तराला लटकवलेला, स्वतः विणलेला ससा तिने माझ्या नाकासमोर धरला. सशाच्या अंगभर वेण्या होत्या.

शिकायला मी हृदयच का घेतलं, याला कारण आहे. सगळे सांगतात, आधी मफलर विण, नाहीतर चौकोन. मला हा सल्ला पटत नाही. चौकोनात प्रत्येक ओळीच्या शेवटी काम फिरवावं लागतं आणि नेमका त्या वळणावर नवशिक्याचा एखादा टाका हरवतो. वीस ओळी झाल्या की चौकोनाचा त्रिकोण व्हायला लागलेला असतो. मफलर तर संपतच नाही. माझ्या कपाटात एक आहे, वीतभर. गोलात वळणच नसतं, त्यामुळे टाका हरवायला जागा कमी. आणि सबंध हृदयाला एकच टाका पुरतो, तो म्हणजे मुका खांब.

काय नाव आहे! साखळी, खांब, अर्धा खांब ही नावं डोळ्यांना दिसतात तशी पडली असावीत, पण या ठेंगण्या खांबाला मुका म्हणणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात नमस्कार केला. मुका म्हणजे न बोलणारा, आणि मुका म्हणजे पापाही. हृदय विणताना दोन्ही चालून जातात. कृती एवढीशीच: सुई घरात, म्हणजे दोऱ्याच्या फासात, घालायची, दोरा ओढून आणायचा, सुईवर दोन घरं झाली की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर काढायचा. परदेशी नमुना वाचायचा असेल तर मात्र सांभाळून, कारण याच टाक्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. मी एकदा ब्रिटिश नमुना अमेरिकी डोळ्यांनी वाचला. मुक्या खांबाच्या जागी सगळे उंच खांब घातले. जे तयार झालं ते मासे धरायला उपयोगी पडलं असतं.

सामानात फार अडकू नये. गुळगुळीत, फिकट रंगाचा, ना जाड ना बारीक असा दोरा घ्यावा. हृदय म्हटलं की हात लाल रंगाकडे जातो, पण गडद लाल दोऱ्यात रात्रीच्या दिव्याखाली टाके दिसत नाहीत आणि टाके दिसले नाहीत की मोजता येत नाहीत. केसाळ लोकर तर मुळीच नको, ती उसवताना स्वतःच्याच मिठीतून सुटत नाही. दोऱ्याच्या वेष्टनावर ५ मिलिमीटरची सुई लिहिली असेल, तर भरायच्या वस्तूसाठी साडेतीनची घ्यावी. त्याचं कारण पुढे येईल.

सुरुवात जादूच्या कडीने करायची असते. बोटाला दोरा गुंडाळून केलेलं वेटोळं, त्यात सहा मुके खांब, मग शेपूट ओढलं की मधलं भोक गायब. बघायला खरोखर जादू. करायला गेलं की दोरा बोटावरून घसरतो, वेटोळं सुटतं, आणि जादूगाराऐवजी आपण सशासारखे बावरून बसतो. तेव्हा पहिल्यांदा कडीच्या नादी लागू नये. दोन साखळ्या घालाव्यात आणि पहिल्या साखळीतच सहा मुके खांब भरावेत. भोक किंचित राहतं. राहू दे.

सहाच का, हा प्रश्न मला तिसऱ्या दिवशी पडला. पहिल्या फेरीत सहा, दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन म्हणजे बारा, तिसरीत एकाआड एक वाढवून अठरा. दर फेरीला सहा वाढले की चकती सपाट राहते. हे शाळेतलंच गणित निघालं. वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पायने, म्हणजे सव्वासहाच्या आसपास वाढतो. मुका खांब साधारण जेवढा उंच तेवढाच रुंद असतो, म्हणून एका खांबाइतकं बाहेर सरकलं की सहा खांबांची जागा नवी होते. पाय ही संख्या आयुष्यात पुन्हा कधी उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. सहापेक्षा कमी वाढवले तर चकतीची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालरी पडतात. त्या झालरींचंही कुणीतरी सोनं केलं आहे. डायना तायमिन्या या लॅटव्हियन गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम जास्तीचे टाके वाढवत नेले आणि हायपरबोलिक प्रतल, म्हणजे जागोजागी खोगिरासारखा वाकत जाणारा पृष्ठभाग, जे विद्यार्थ्यांना कागदावर समजावता समजावता नाकी नऊ येतात, ते हातात धरता येईल असं विणून दाखवलं. माझ्या झालरी मात्र निव्वळ मोजायला चुकल्यामुळे पडल्या होत्या.

मोजायला चुकू नये म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवतात. गोल विणकाम गोगलगाईच्या शंखासारखं वर चढत जातं, फेरी कुठे संपली हे बघून कळत नाही. हा तुकडा मी आळसाने लावला नाही. दारावरची बेल वाजली, उठले, परत आले आणि आपण कुठे होतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

अठरा झाले की वाढवणं थांबवायचं आणि दोन फेऱ्या नुसत्या घालायच्या. हातात टोपी येते, अंगठ्याला बसेल एवढी. दोरा कापायचा, टोपी बाजूला ठेवायची, आणि तशीच दुसरी विणायची. ही दुसरी टोपी मला फार आवडते, कारण ती पहिलीहून नेहमी बरी होते. पण दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या तरी हृदयाची काही चाहूल लागत नाही. दोन टोप्या दिसतात. पहिल्यांदा करणारीला इथे हमखास वाटतं की आपण भलताच नमुना उघडला.

मी मध्ये एकदा सहज वाचायला बसले की खरं हृदय कसं घडतं. तेही दोन तुकड्यांतच सुरू होतं! गर्भ तीनेक आठवड्यांचा असताना डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन बारीक नळ्या असतात. त्या सरकत मधोमध येतात, एकमेकींत मिसळून एकच नळी होते आणि बाविसाव्या दिवसाच्या आसपास ती धडधडायला लागते. पुढे ती वळते, वाकते, तिच्यात पडदे येतात आणि चार कप्पे होतात. ते शेवटी आपल्या मुठीएवढं होतं आणि दिसायला आपल्या या लाडक्या आकारासारखं मुळीच नसतं. पण दोनाचं एक होण्याचा भाग जुळतो. तेव्हापासून टोप्या जोडताना मी जरा गप्प होते.

जोडणं तसं किरकोळ आहे. टोप्या सुलट बाजू बाहेर ठेवून शेजारी धरायच्या (माझ्यासारखं करू नका), समोरासमोरचे तीन-तीन टाके शिवून टाकायचे. अठरातले तीन गेले, पंधरा उरले. दुसऱ्या टोपीचा दोरा कापलेला नसतो. त्यानेच दोन्ही टोप्यांच्या बाहेरून पूर्ण फेरी घालायची, तीस. मग टोकाकडे उतरायचं. दोन टाक्यांचा एक करत एका फेरीत सहा कमी करायचे, पुढची फेरी नुसती, पुन्हा सहा कमी. चोवीस, अठरा, शेवटी बारा आणि सहा. मधली नुसती फेरी गाळू नये. दर फेरीला सहा वाढवल्याने चकती सपाट झाली होती, तशी दर फेरीला सहा कमी केल्यानेही बूड सपाटच होतं. असं सपाट बुडाचं एक माझ्याकडे आहे. ते टेबलावर छान उभं राहतं, एवढीच त्याची बाजू.

बारा टाके उरले की थांबून भरायचं. इथे मराठी माझ्या मदतीला धावून आली म्हणायची की अंगावर आली, ते कळत नाही. घरातला औषधी कापूस घेऊ नये, तो गोळे धरतो. पॉलिएस्टरचा कापूस थोडा थोडा पिंजून, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने आधी वरच्या दोन खोबणीत सारायचा. मला वाटलं, भरायचंच आहे तर हात कशाला आखडता घ्या. कोंबत गेले. हृदय टम्म झालं, काठोकाठ भरून आलं, आणि टाके ताणले जाऊन सगळीकडून पांढरा कापूस डोकवायला लागला.

काळजाला घरं पडली होती.

हा वाक्प्रचार मी लहानपणापासून ऐकत आले. कुणाच्या काळजीने, कुणाच्या बोलण्याने काळजाला घरं पडतात. मी तो कधी डोळ्यांसमोर आणला नव्हता. क्रोशात घर म्हणजे दोऱ्याचा फास, ज्यात पुढचा टाका बसतो. म्हणजे ही वस्तू पहिल्यापासून नुसती घरांचीच असते. घरं असतातच, ती दिसू नयेत एवढीच सगळी खटपट. म्हणून सुई लहान घ्यायची, म्हणून हात घट्ट ठेवायचा, म्हणून भरताना जरा कमीच भरायचं. बाकी काळीज या शब्दाचा जुना अर्थ यकृत असाही आहे, तेव्हा घरं नक्की कुठे पडतात हा प्रश्न डॉक्टरांवर सोडते.

मी कापूस उपसला आणि विणलेलं उसवलं. क्रोशाची ही एक गोष्ट मला फार मोठी वाटते. दोन सुयांच्या विणकामात सुईवरची सगळीच घरं जिवंत असतात, सुई निसटली की एकेक घर खाली पळत सुटतं. क्रोशात कुठल्याही क्षणी जिवंत घर एकच. सुई काढून ठेवली तरी ते एकटं वाट बघत बसतं, आणि दोरा ओढला की सबंध काम मुकाट्याने, टर्र टर्र करत, आलं त्या वाटेने परत जातं. दोरा जरा कुरळा होतो, एवढंच नुकसान. मी पहिल्या आठवड्यात एकाच दोऱ्यात चार हृदयं विणली आणि तीन उसवली.

२०२० च्या साथीत ब्रिटनमधल्या रुग्णालयांत अशी हृदयं जोडीजोडीने जात होती. लोकरीची, कापडाची, क्रोशाची, लोक घरी बसून करत आणि पाठवत. एकसारख्या दोनांतलं एक रुग्णाच्या उशाशी, दुसरं भेटायला येऊ न शकणाऱ्या घरच्यांकडे. ती करणाऱ्यांत नवशिके किती असतील असं राहून राहून मनात येतं. एखाद्याचं नक्कीच वाकडं झालं असेल, एखाद्याचं उलटं, आणि कुणी ते उसवायला सांगितलं नसेल.

गेल्या रविवारी भाचीला शेजारी बसवून मी फिकट पिवळं विणलं. सुलट. घरं दिसत नाहीत, टोक टोकासारखं आहे, मधल्या खाचेत जोडाजवळ राहतं ते भोक मी उरलेल्या दोऱ्याने दोन टाके घालून बुजवलं. शेवटच्या सहा टाक्यांच्या पुढच्या कडांतून दोरा ओवून आवळला. तिने ते हातात घेतलं, नेहमीसारखं दोनदा फिरवलं, आणि काही न बोलता दप्तराजवळ ठेवलं. मग टेबलावरचं ते पहिलं, आतलं बाहेर आलेलं, उचललं. त्याच्या टोकाला दोऱ्याचं शेपूट अजून लोंबत होतं, मी कंटाळून तसंच सोडलेलं.

"हे कापू?"

"नको. गाठीजवळ कापलंस तर सुटेल."

"मग?"

मी तिला ओवायची सुई दिली. टोकातून आत घाल, पोटातून आरपार नेऊन दुसरीकडून काढ, दोरा जरासा ताण आणि मग अगदी अंगासरशी काप. तिने ताणून कापला. कापलेलं टोक सुळकन आत गेलं. तिने हृदय कानाशी धरून हलवून पाहिलं.