स्पायकिंग नेटवर्क अंक शिकत नसेल तर आधी थ्रेशोल्ड तपासा

शिकताना उत्तर न सांगता हस्तलिखित अंक ओळखायला लावायचे, तर संशोधक डील आणि कुक यांची २०१५ची स्पायकिंग नेटवर्कची रचना हीच उत्तम सुरुवात. अशा नेटवर्कातले न्यूरॉन मेंदूतल्यासारखे क्षणिक ठोके, म्हणजे स्पाइक, देऊन एकमेकांशी बोलतात. या रचनेत बहुतेक जण एसटीडीपीचे, म्हणजे दोन न्यूरॉनच्या स्पाइकच्या वेळांवरून त्यांच्या जोडणीचे वजन (ताकद) बदलण्याच्या नियमाचे, आकडे चाळवत बसतात. नेटवर्क फसते ते मात्र सहसा थ्रेशोल्डपाशी, म्हणजे ज्या व्होल्टेजला न्यूरॉन स्पाइक देतो त्या मर्यादेपाशी.

एमनिस्ट या हस्तलिखित अंकांच्या संचातले चित्र २८ × २८ पिक्सेलचे, म्हणून इनपुट ७८४. पिक्सेलची तीव्रता चारने भागली की स्पाइकचा दर मिळतो, कमाल ६३.७५ हर्ट्झ. त्या सरासरी दराने पॉयसन (यादृच्छिक वेळी येणारे) स्पाइक ३५० मिलिसेकंद सोडायचे, मग १५० मिलिसेकंद शांतता. वेळ वाचवण्यासाठी ही शांतता कापू नका. उत्तेजक (इनपुट घेऊन शिकणाऱ्या) न्यूरॉनचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे त्यातला प्रभाव ओसरण्याच्या वेगाचे माप, १०० मिलिसेकंद आहे, मागच्या अंकाचा अंश पुढच्यात मिसळतो. थरातून पाचपेक्षा कमी स्पाइक आले, तर कमाल दर ३२ हर्ट्झने वाढवून तेच चित्र पुन्हा दाखवायचे.

प्रत्येक उत्तेजक न्यूरॉनला एक अवरोधक जोडलेला असतो आणि तो बाकी सगळ्यांना दाबतो. इथेच घोळ होतो. सुरुवातीला योगायोगाने जिंकलेल्या न्यूरॉनची वजने वाढतात, म्हणून पुढच्या वेळीही तोच जिंकतो. शेवटी मोजकेच न्यूरॉन सगळे अंक गिळतात आणि त्यांच्या वजनांत सरमिसळ झालेला डाग उरतो. उपाय असा: न्यूरॉनने स्पाइक दिला की त्याचा थ्रेशोल्ड थोडा वाढवायचा, मूळ कोडमध्ये ०.०५ मिलिव्होल्ट. ही वाढ ओसरण्याचा टाइम कॉन्स्टंट एक कोटी मिलिसेकंद, म्हणजे सुमारे २०,००० चित्रांचा काळ. तो कमी केलात तर जुनी मक्तेदारी परत येते. शिवाय प्रत्येक न्यूरॉनकडे येणाऱ्या वजनांची बेरीज ठरावीक ठेवायची. मूळ कोडमध्ये ती ७८ आहे.

चाचणीआधी शिकणे थांबवा आणि थ्रेशोल्ड गोठवा. फक्त वजने साठवली आणि थ्रेशोल्डची वाढ शून्यावरून सुरू केली, तर चांगले शिकलेले नेटवर्कही भलतीच उत्तरे देते. कोणता न्यूरॉन कोणत्या अंकाचा, हे प्रशिक्षणाच्या चित्रांवरूनच ठरवा. उत्तर काढताना एकाच अंकाच्या न्यूरॉनच्या गटाच्या स्पाइकची सरासरी घ्या. बेरीज घेतली तर मोठा गट फुकट जिंकतो.

४०० न्यूरॉनवर ८७ टक्के, ६४०० वर ९५ टक्के ही मूळ निबंधातली अचूकता. कन्व्होल्यूशनल नेटवर्क (चित्रे ओळखायची, उत्तरे सांगून शिकवलेली प्रचलित नेटवर्क) ९९ च्या पुढे जातात हे खरे, पण इथे बेरीज राखणे सोडले तर प्रत्येक वजन फक्त आपल्या दोन टोकांच्या स्पाइकवरून बदलते, आणि हे फार मोलाचे आहे. सुरुवात १०० न्यूरॉनवर करा. तिथे ८३ टक्क्यांच्या आसपास पोचायला हवे. काही हजार चित्रांनंतर वजने २८ × २८ च्या चौकटीत काढून बघा. अंक दिसत नसतील तर पुढे चालवण्यात अर्थ नाही.